गटारपट्टी कोणी किती भरायची?



गावात भूमिगत गटार झालं की पहिलं वर्ष कौतुकात जातं. दारापुढचं डबकं आटतं, डास कमी होतात, मोरीच्या पाण्यावरून शेजारणीशी होणारी भांडणं थांबतात. मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागतो: घरटी अमुक रुपये गटारपट्टी. बचत गटाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "ताई, ही रक्कम बरोबर आहे का जास्त आहे?"

नुसता आकडा बघून याचं उत्तर देता येत नाही. वर्षाचा एकूण खर्च किती, आणि तो खर्च गावात कसा वाटला, या दोन गोष्टी कळल्या तरच सांगता येतं. पहिली गोष्ट लोक कधीतरी विचारतात. दुसरी सहसा कोणी विचारत नाही, आणि गरीब घराचं नुकसान होतं ते तिथेच. म्हणून आज आपण या वाटणीचा हिशोब समजून घेऊ. बचत गटाचं रजिस्टर लिहिता येतं तिला हा हिशोब अवघड नाही.

बांधलं सरकारनं, मग पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत निधी ठरला. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा होता. पण हा पैसा बांधकामाचा. गटार चालवायचा खर्च दरवर्षी येतो. बैल कोणी फुकट दिला तरी त्याची वैरण आपल्यालाच आणावी लागते, तसं हे आहे.

म्हणूनच लहान आणि मोकळ्या वस्तीच्या गावाला आम्ही आधी शोषखड्डा आणि परसबाग सुचवतो. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव शोषखड्ड्यांमुळेच ओळखलं जातं. पाणी घरापाशी जिरलं तर पाइप नको, पंप नको आणि त्यांची पट्टीही नको. पण जिथे घरं दाटीनं आहेत, जमीन पाणी पीत नाही किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर जवळ आहे, तिथे गटार लागतंच. आणि गटार आलं की खर्च आला.

खर्चाचे पाच ढीग

वर्षाच्या खर्चाचे आपण पाच ढीग करू.

पहिला ढीग पाइप आणि चेंबरचा. तुंबलेली लाइन मोकळी करणं, फुटलेली झाकणं बदलणं, सफाईसाठी यंत्राची गाडी बोलावणं.

दुसरा ढीग पंपाच्या वीजबिलाचा. गाव सखल असेल तर पाणी उचलून पुढे ढकलावं लागतं. गावाला नैसर्गिक उतार असेल तर हा ढीग लहान.

तिसरा ढीग घाण काढण्याचा. पाणी ओढ्यात सोडण्याआधी तळ्यात किंवा टाकीत शुद्ध करायचं, गाळ उपसायचा, तिथे माणूस ठेवायचा.

चौथा ढीग कागदपत्रांचा. बिलं, पावत्या, वसुली.

पाचवा ढीग शिलकीचा. पंप कधीतरी जळणार, पाइप कधीतरी बदलावा लागणार. दरवर्षी थोडं बाजूला टाकलं नाही, तर त्या वर्षी एकदम वर्गणी काढावी लागते.

यात एक खर्च लपवला जातो, तो सफाई कामगाराच्या सुरक्षेचा. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षिततेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं गुन्हा आहे. अंदाजपत्रकात यंत्राचं भाडं आणि साधनांचा खर्च दिसत नसेल आणि पट्टी स्वस्त दिसत असेल, तर ती स्वस्ताई कोणाच्या तरी जिवावरची आहे, हे लक्षात ठेवा.

सामाईक विहिरीसारखी वाटणी

आता हे पाच ढीग वाटायचे कसे? शेतात सामाईक विहीर असते ना, तिची आठवण करा. मोटारीचं वीजबिल ज्यानं जितके तास मोटार चालवली त्याप्रमाणे पडतं. विहिरीचा गाळ काढायचा किंवा मोटार भरून आणायची तर खर्च हिश्शाप्रमाणे होतो, त्या वर्षी कोणी पाणी घेतलं असो वा नसो. एकाच विहिरीच्या दोन खर्चांना दोन मापं, कारण खर्च वेगवेगळ्या कारणांनी होतात.

गटाराचं तत्त्व हेच. जो खर्च ज्या कारणानं होतो, त्याच मापानं तो वाटायचा. पंपाचं बिल पाण्याच्या प्रमाणात. शुद्धीकरणाचा खर्च घाणीच्या प्रमाणात. बिलं-पावत्यांचा खर्च जोडण्यांच्या संख्येप्रमाणे, कारण पावती वाड्याची असो की खोपटाची, कागद तेवढाच लागतो.

यातलं घाणीचं माप बऱ्याच जणींना नवं वाटेल. आंघोळीचं बादलीभर पाणी आणि दुधाचे कॅन धुतलेलं बादलीभर पाणी सारखं नसतं. दूध आपल्याला पांढरंशुभ्र दिसतं, पण एक लिटर दूध गटारात गेलं तर ते निस्तरायला शेकडो लिटर घरगुती सांडपाण्याइतका खटाटोप लागतो. तेलकट खरकट्याचंही तसंच. पाणी सारखं दिसलं तरी घाण सारखी नसते.

मोठ्या ठिकाणी काय करतात

मुंबईला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी तिथलं पाणीबिल मागून बघा. तिथे पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के रक्कम मलनिःसारण आकार म्हणून लावली जाते. गटारात किती पाणी गेलं हे मोजायला घरोघरी मीटर बसवता येत नाही, म्हणून नळाच्या मीटरवरून अंदाज बांधायचा. शहरांच्या गटारांची आखणी करतानाही नळाच्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात येतं असंच धरतात. ही पद्धत सोपी आहे, वाद कमी होतात. पण टक्केवारीत पाणी मोजलं जातं, घाण मोजली जात नाही.

इंग्लंडमध्ये कारखान्यांसाठी याच्या पुढे गेले. तिथे मॉगडन सूत्र वापरतात. लंडनजवळच्या एका सांडपाणी केंद्राचं हे नाव आहे. कारखान्याचं पाणी किती, त्यात विरघळलेली घाण किती आणि गाळ किती, हे वेगवेगळं मोजून बिल बनतं. साध्या घरांना हे सूत्र लावत नाहीत, कारण घराघरांच्या पाण्यात फारसा फरक नसतो.

जर्मनीतल्या शहरांत पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा असतो. ज्याचं छप्पर आणि फरशीचं अंगण मोठं, त्याच्याकडून गटारात पावसाचं पाणी जास्त जातं, म्हणून तो चौरस मीटरप्रमाणे जास्त भरतो.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातली वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर. तिथे शौचालयाच्या टाक्या तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या पाळीनं उपसायची पद्धत सुरू झाली. वाईत हे काम २०१८ पासून चालू झालं. ठेकेदाराला उपसलेल्या टाक्यांप्रमाणे पैसे मिळतात आणि तो खर्च करातून भागवला जातो. एरवी टाकी भरली की एकदम मोठी रक्कम काढावी लागते, म्हणून गरीब घर उपसणं पुढे ढकलत राहतं आणि मैला ओढ्याला जातो. तोच खर्च सगळ्या घरांवर आणि तीन वर्षांवर पसरला की कोणालाच जड जात नाही. बचत गटात आपण दर महिन्याला थोडं टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

एका गावाचा हिशोब

आता वही-पेन घ्या. हे गाव आपण हिशोबासाठी धरलेलं आहे. समजा, ४०० जोडण्या आहेत. त्यात ३८० घरं आणि जास्त पाणी वापरणारे २० धंदे: खानावळी, दूध संकलन केंद्र, गाड्या धुण्याचं सेंटर, मंगल कार्यालय वगैरे. वर्षाचा खर्च असा:

पाइप आणि चेंबर: २,००,००० रुपये
पंपाचं वीजबिल: १,२०,००० रुपये
घाण काढणं: १,६०,००० रुपये
बिलं आणि वसुली: ४०,००० रुपये
शिल्लक निधी: ८०,००० रुपये
एकूण: ६,००,००० रुपये

सरसकट वाटलं तर प्रत्येक जोडणीला वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५. ऐकायला समान वाटतं.

आता कारणाप्रमाणे वाटू. समजा, गटारात येणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्के घरांचं आणि ३० टक्के धंद्यांचं आहे. घाण मात्र निम्मी घरांची, निम्मी धंद्यांची.

पाइप, वीज आणि शिल्लक निधी मिळून ४,००,००० होतात. ते पाण्याच्या प्रमाणात वाटले: घरांवर २,८०,०००, धंद्यांवर १,२०,०००.

घाण काढण्याचे १,६०,००० निम्मे-निम्मे: दोघांवर ८०,०००.

बिलांचे ४०,००० जोडण्यांप्रमाणे: घरांवर ३८,०००, धंद्यांवर २,०००.

घरांची बेरीज ३,९८,०००. त्याला ३८० नं भागा. एका घराला वर्षाला साधारण १,०४७ रुपये, म्हणजे महिन्याला ८७. धंद्यांची बेरीज २,०२,०००. एका धंद्याला सरासरी वर्षाला १०,१०० रुपये, म्हणजे महिन्याला ८४२.

एकूण खर्च तोच सहा लाख. पण सरसकट पद्धतीत ३८० घरं मिळून ५,७०,००० भरत होती. म्हणजे वर्षाला १,७२,००० रुपये घरांनी धंद्यांच्या वाट्याचे भरले. कोणी चोरी केली नाही, पावती खोटी नाही, ग्रामसभेत हात वर करून ठराव झाला. तरीही मजुरीवर जाणाऱ्या बाईनं गाड्या धुण्याच्या सेंटरचं बिल भरलं. समान पट्टी आणि न्याय्य पट्टी यात फरक आहे, तो हाच.

धंदेवाले काय म्हणतील?

"आमचा धंदा बुडेल," असं म्हणतील. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. पहिली गोष्ट, सगळे धंदे सारखे नाहीत. शिलाईचं दुकान, किराणा, कोरडी मसाला कांडप यांचं सांडपाणी घराइतकं किंवा त्याहून कमी असतं. त्यांना खानावळीच्या रांगेत बसवणं चूक. त्यांची पट्टी घराएवढीच ठेवावी. दुसरी गोष्ट, वाढ एकदम न करता दोन-तीन वर्षांत टप्प्यानं करता येते. तिसरी गोष्ट, ज्यानं घाण कमी केली त्याचा दर कमी व्हायला हवा. खानावळीनं तेल आणि खरकटं अडवणारी छोटी टाकी बसवली, दूध केंद्रानं सांडलेलं दूध गटारात न सोडता गोळा केलं, तर तेवढा भार उतरतो. दरात हा फायदा दिसला की टाकी बसते. नुसत्या नोटिशीनं बसत नाही.

आणि मैत्रिणींनो, आपल्या एखाद्या गटाची खानावळ किंवा दुधाचा व्यवसाय असेल, तर तीही याच यादीत येते. नियम दुसऱ्यासाठी आणि सवलत आपल्यासाठी असं म्हटलं तर ग्रामसभेत आपलं कोणी ऐकणार नाही.

अडचणीची घरं

खरी परीक्षा घराघरांतल्या फरकाची आहे. एकटी आजी दिवसाला चार हंडे पाणी वापरते आणि शेजारी बारा माणसांचं खटलं. दोघांना ८७ रुपये का? नळाला मीटर असेल तर प्रश्न सुटतो. मीटर नसेल तर माणसांच्या संख्येप्रमाणे दोन-तीन गट पाडता येतात: दोन माणसांपर्यंत, तीन ते सहा, आणि सहाच्या वर. अगदी काटेकोर नाही, पण सरसकटपेक्षा बरं.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावतं ते उन्हाळा लागेपर्यंत. त्यांनी त्या महिन्यांची पट्टी भरायची का? विहिरीचा नियम लावा. पाइप त्यांच्या दारापर्यंत आहे, तो सांभाळावा लागतो, म्हणून देखभालीचा ठरावीक भाग त्यांच्याकडेही येतो. पण त्यांनी पाणीही सोडलं नाही आणि घाणही नाही, म्हणून वापराचा भाग माफ व्हायला हवा. यासाठी पट्टीचेच दोन भाग लिहिलेले असावेत: ठरावीक भाग आणि वापराचा भाग.

सगळी पट्टी वापरावर ठेवली तर काय होईल, असं कोणी विचारेल. उन्हाळ्यात नळ चार दिवसांनी येतो, वापर घटतो, जमा घटते. कामगाराचा पगार मात्र तेवढाच राहतो. उलट सगळीच पट्टी ठरावीक ठेवली तर आजीवर अन्याय. म्हणून दोन्ही हवेत.

गोठा असलेल्या घराचं वेगळं. जनावरांना पाजलेलं, परसबागेला घातलेलं पाणी गटारात येत नाही, ते वजा व्हावं. पण गोठा धुऊन शेण गटारात सोडलं तर चेंबर तुंबतं. तिथे सवलत नको, उकिरडा किंवा गोबरगॅस हवा. भांडी घासून राख मोरीत सोडायची सवयही पाइपाच्या तळाशी बसते. ती आपल्यालाच मोडावी लागेल.

पावसाचं पाणी हा सगळ्यात मोठा फुकट्या पाहुणा. छपराच्या पन्हाळीचा पाइप थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडला की पावसाळ्यात पंप जास्त चालतो आणि बिल सगळ्या गावावर पडतं. आपल्याकडे चौरस मीटर मोजत बसण्यापेक्षा अशा जोडण्या तोडणं सोपं. तेच पाणी बोअरजवळ जिरवता येतं.

सवलत द्यायची, पण उघड

विधवा, निराधार, अपंग यांच्या घराला माफी असावी असं आम्हालाही वाटतं. पण माफी दिली म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या वाट्याला जातो. कोणाच्या, हे ठरावात लिहिलेलं असावं. ग्रामपंचायतीच्या सर्वसाधारण उत्पन्नातून भरणार की इतरांच्या पट्टीतून? उघड लिहिलं की ती मदत होते आणि टिकते. न लिहिता दिली की पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून त्याच बाईच्या नावावर येते.

ग्रामसभेत काय विचारायचं

पट्टीचा ठराव ग्रामपंचायत करते, पण कर लावण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. गावाच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. या तिन्ही ठिकाणी पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. गटाराचा वर्षाचा खर्च किती, आणि पाच ढिगांत तो कसा पडतो?
२. गटाराचा जमाखर्च वेगळा लिहिला जातो का, की पट्टीचे पैसे दुसऱ्या कामात जातात?
३. जास्त पाणी आणि जास्त घाण सोडणाऱ्या जोडण्यांची यादी केली का?
४. पट्टीत ठरावीक भाग किती, वापराचा भाग किती?
५. सफाईच्या यंत्राचा आणि कामगाराच्या सुरक्षेचा खर्च धरला आहे का?
६. शिलकीसाठी दरवर्षी किती बाजूला टाकणार, आणि ते कोणत्या खात्यात?
७. माफी कोणाला, आणि तिचा भार कोणावर?

ग्रामसेवक भाऊंकडे सगळे आकडे लगेच नसतील. काही हरकत नाही. पहिल्या वर्षी अंदाजानं वाटणी करा, वर्षभर पंपाची बिलं आणि सफाईच्या पावत्या जपा, आणि पुढच्या वर्षी दर सुधारा. बचत गटातही पहिल्या वर्षीचा हिशोब कच्चाच असतो, पण लिहायला लागलो की पक्का होतो.

एक सांगून थांबतो. वाटणी पटली नाही म्हणून पट्टीच भरायची नाही, असं करू नका. पैसे नाहीत म्हणून पंप बंद पडला की तुंबलेलं पाणी सगळ्यात आधी उताराच्या टोकाला असलेल्या घरांत शिरतं, आणि आपल्या बहुतेक गावांत त्या टोकाला गरिबांचीच वस्ती आहे. पट्टी भरा, पावती घ्या आणि ती पावती हातात धरून हिशोब मागा.

तुमच्या गावात गटारपट्टी कशी ठरली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बैठकीत ही सात प्रश्नांची यादी एकीनं मोठ्यानं वाचा आणि आपल्या गावाला लागू असलेले प्रश्न निवडा.